वसंतातील निवांत लय: बालाघाटचे दादरिया व फाग आणि जमैकाचे रेगे

दादरिया आणि फाग हे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या वसंतातले दोन मुख्य गानप्रकार. दादरिया रानात आणि शेतात, काम चालू असताना गायला जातो. फाग होळीच्या निमित्ताने गावाच्या चौकात रंगतो. पहिल्याची चाल लांबवत नेलेली, दुसऱ्याची संथ सुरू होऊन चढत जाणारी. जमैका बेटावर १९६८ च्या सुमारास आकाराला आलेले रेगे संगीत या दोहोंपासून भूगोलाने आणि इतिहासाने फार लांबचे. तरी आरामात ऐकायचे संगीत म्हटले की जगभर अनेकांना पहिल्यांदा आठवते ते रेगेच. हे तीन प्रकार शेजारी ठेवून पाहिले, की गाण्यात निवांतपणा येतो कुठून या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. तो लयीत मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या जागेतून येतो. दादरियात ती जागा उत्तर देणाऱ्यासाठी राखलेली असते, रेगेत डोलणाऱ्या अंगासाठी. गाणाऱ्यांचे जगणे मात्र दोन्हीकडे कष्टाचेच आहे.

प्रदेश आणि ऋतू

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला आणि नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात राहिला. दक्षिणेला आज गोंदिया आणि भंडारा हे महाराष्ट्रातले जिल्हे आहेत. बाघ आणि बावनथडी या नद्यांनी सीमेचा काही भाग आखून दिला आहे. त्यामुळे लांजी, किरनापूर, वारासिवनी, कटंगी या पट्ट्यातल्या आठवडी बाजारात हिंदी, मराठी, पोवारी आणि गोंडी एकाच वेळी कानावर पडतात.

जिल्ह्याचे दोन भाग सहज वेगळे करता येतात. वैनगंगेच्या खोऱ्यात भातशेतीचा सपाट मुलूख आहे. माळव्यातून आलेल्या पोवारांनी तलाव आणि बांध घालून तो ओलिताखाली आणला. येथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ईशान्येला बैहर, बिरसा आणि परसवाड्याचा उंच, मैकल रांगेला लागून असलेला जंगलपट्टा आहे. गोंड आणि बैगा आदिवासींची वस्ती मुख्यतः येथे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग याच पट्ट्यात येतो आणि त्याचे मुक्की प्रवेशद्वार बालाघाटच्या बाजूला आहे. जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर जंगल आहे: साल, साग, बांबू, मोह, तेंदू, पळस.

गाण्याचे वेळापत्रक या जंगलाने आणि भाताने ठरवले आहे. खरिपाच्या धानाची कापणी दिवाळीच्या मागेपुढे सुरू होते आणि मळणी माघापर्यंत आटोपते. बांधीत ओलीवर टाकलेली लाखोळी, जवस आणि हरभरा फाल्गुनात हाती येतो. त्याच सुमारास पळस आणि काटेसावर पाने गाळून फुलतात. मार्चच्या उत्तरार्धापासून मोहफुले गळू लागतात, पाठोपाठ चारोळी येते आणि मे महिन्यात तेंदूपानाची तोडणी सुरू झाली की पुन्हा घाईचे दिवस येतात. फाल्गुन आणि चैत्र हे म्हणून सुट्टीचे महिने नव्हेत. या दिवसांतली कामे हात गुंतवतात आणि गळा मोकळा ठेवतात, एवढेच. चिखलणीत किंवा ओझे वाहताना लांब सूर धरता येत नाही. वेचताना धरता येतो.

दादरिया

दादरिया म्हणजे दोन ओळींचे, शेवटी यमक जुळवलेले गीत. छत्तीसगड, मंडला, दिंडोरी आणि बालाघाट या सलग प्रदेशात ते गायले जाते आणि त्याची बोली छत्तीसगडीच्या जवळची असते. पहिली ओळ बहुधा डोळ्यांसमोरची एखादी वस्तू घेते: झाड, पक्षी, बाजारातली चीज, वाटेतला ओढा. दुसरी ओळ मनातले बोलते. दोहोंचा अर्थाने संबंध असेलच असे नाही. कित्येकदा पहिली ओळ केवळ यमकाची सोय लावते आणि दुसरीसाठी क्षणभर उसंत मिळवून देते. ऐकणाऱ्यांना ती उसंत हवी असते, कारण उत्तर त्यांना द्यायचे असते.

दादरिया बव्हंशी सवाल-जवाबाच्या रूपात चालतो. एका बाजूने एक जोडओळ येते, दुसऱ्या बाजूने तिला तोडीस तोड दुसरी. तरुण आणि तरुणी हे त्यातले नेहमीचे पक्ष, प्रीती आणि ताटातूट हे नेहमीचे विषय. पण थट्टा, टोमणा, सावकार, जंगलखात्याचा शिपाई, यातले काहीही ओळीत येऊ शकते. जुन्या ओळींचा साठा सगळ्यांचा सामाईक असतो आणि नवी ओळ जागच्या जागी बांधणाऱ्याला मान मिळतो. रानातला दादरिया वाद्याशिवाय चालतो. नाचासाठी गायला की मांदर येतो आणि चाल आपोआप आवळली जाते.

मोहाच्या हंगामातली पहाट पाहिली की या गाण्याची चाल अशी का, हे उलगडते. मोहाचे मांसल, फिकट पिवळसर फूल रात्री उशिरा आणि पहाटे गळते. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जमीन साफ केलेली असते, म्हणजे फुले चटकन दिसतात. हरीण, रानडुक्कर आणि अस्वल यांनाही ही फुले आवडतात, म्हणून वेचणारे उजाडण्याआधी टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. कोणते झाड कोणत्या घराचे, हे गावात पक्के ठरलेले असते. झाडे एकमेकांपासून दूर. त्यामुळे वेचणारे दिसत नाहीत, आवाज तेवढा ऐकू येतो. या अंतरातून ओळ पोचवायची तर शब्द थोडे आणि सूर लांब हवा. ओळीचा शेवट ताणून धरला जातो, मग शांतता, आणि दुसऱ्या झाडाखालून उत्तर. उत्तराला लागणारा वेळ कोणी मोजत नाही. ऊन चढेपर्यंत टोपल्या भरतात. फुले अंगणात वाळत पडतात आणि काही दिवसांत तांबूस, सुरकुतलेली होतात. दादरियाचा संथपणा अशा रीतीने रानातल्या अंतराने घडवला आहे.

फाग

फागाची जागा चौक आहे आणि वेळ रात्रीची. खोऱ्यातल्या गावांत होळी जवळ आली की फागाची मंडळी बसू लागतात आणि रंगपंचमीपर्यंत बैठका चालतात. ढोलक, टिमकी, झांजा आणि मंजिऱ्या एवढी सामग्री पुरते. एक गट ओळ उचलतो, दुसरा तीच झेलतो. आरंभी लय विलंबित असते, प्रत्येक फेऱ्यात थोडी वाढते आणि अखेरीस झांजांच्या दुपटीवर संपते. मग पुन्हा संथ आरंभ. राधा-कृष्णाची होळी हा मुख्य विषय, आणि दीर-भावजयीची थट्टा, गावातल्या बड्यांची टिंगल याला या दिवसांत मुभा असते. नागरी संगीतातही ऋतूचे असेच स्थान आहे: बसंत, बहार आणि हिंडोल हे वसंताचे राग; होरी बहुधा दीपचंदीत आणि धमार त्याच नावाच्या तालात, दोन्ही चौदा मात्रांचे. दीपचंदीचे तीन-चार-तीन-चार असे खंड ऐकणाऱ्याला किंचित हेलकावा देतात. फागाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतली डोलही त्याच जातीची.

बैगांचा फाग हा मुख्यतः नाच आहे. होळीनंतर स्त्री-पुरुषांचा घोळका मांदर आणि टिमकीच्या ठेक्यावर घरोघर, कधी गावोगाव फिरतो. लाकडी मुखवटा चढवलेला सोंगाड्या बरोबर असतो आणि घरधनी फगवा म्हणून धान्य किंवा पैसे देतो. पावसाळा आणि दसऱ्याच्या दिवसांतला कर्मा, हिवाळ्यातला सैला, बायकांचा रीना अशा बैगा-गोंड नाचांच्या वार्षिक क्रमात फाग वसंताची जागा भरतो.

वाद्ये

या सगळ्याच्या मुळाशी मांदर आहे. मातीचे किंवा लाकडाचे पोकळ खोड, दोन्ही तोंडांना कातडे, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेले. एक तोंड रुंद आणि खर्जाचे, दुसरे अरुंद आणि चढ्या आवाजाचे. गळ्यात अडकवून, नाचत, दोन्ही हातांनी ते वाजवतात. टिमकी हे वाटीच्या आकाराचे लहान मातीचे वाद्य, दोन बारीक काड्यांनी वाजणारे. ती मांदरच्या दोन ठोक्यांमधली जागा टिपरीसारख्या सुक्या आवाजाने भरते. ठिसकी ही लाकडी पट्ट्यांची हातवाद्ये बैगा स्त्रियांच्या हाती असतात. बांबूची बासरी सोबतीला येते, पण तिच्यावाचून अडत नाही. मांदर पावलांचा ठेका सांगतो, टिमकी मधले विभाग दाखवते आणि गळ्याला दोहोंच्या वरून, घाई न करता चालता येते.

संकलन

या गाण्यांचे लिखित संकलन प्रामुख्याने दोन माणसांमुळे झाले. व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये इंग्लंडहून भारतात आले आणि पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात राहू लागले. तेथे त्यांना शामराव हिवाळे हे मराठी सहकारी मिळाले. १९३२ मध्ये दोघे मैकल डोंगरातल्या करंजिया या गोंड गावी जाऊन राहिले. तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातले हे गाव बैहरच्या पठाराशी संस्कृतीने जोडलेले होते. ‘साँग्ज ऑफ द फॉरेस्ट’ (१९३५) हे त्यांचे गोंड गीतांचे पुस्तक, तर ‘फोक-साँग्ज ऑफ द मैकल हिल्स’ (१९४४) हे मोठे संकलन. त्यात कर्मा, दादरिया आणि इतर प्रकारांची गाणी आहेत. एल्विन यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ १९३९ चा, आणि परधान गायकांवरचा हिवाळ्यांचा स्वतंत्र ग्रंथ १९४६ चा. बोलीतला संवाद, गावातला मुक्काम आणि ओळखीपाळखी यांत हिवाळ्यांचा वाटा मोठा होता. मराठी वाचकाला मात्र त्यांचे नाव एल्विन यांच्या तुलनेत फार कमी ठाऊक आहे.

या संकलनांची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. गाणी इंग्रजी भाषांतरात छापली गेली. अर्थ पोचला, सूर, हाक आणि दोन ओळींमधली शांतता कागदावर येऊ शकली नाही. जोडओळ एकटी वाचली की ती लहान कविता वाटते, पण रानात ती अर्ध्या संवादापुरतीच असते.

रेगेची घडण

रेगेतली मोकळी जागा अधिक काटेकोरपणे दाखवता येते. जमैकात १९६० च्या सुमारास स्का हे जलद नाचाचे संगीत लोकप्रिय होते. १९६६ च्या आसपास त्याची गती उतरली आणि रॉकस्टेडी हा मृदू, गळ्याला प्राधान्य देणारा प्रकार आला. आल्टन एलिस हे त्यातले अग्रगण्य नाव. १९६८ मध्ये टूट्स अँड द मेटल्स यांच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या नावातच रेगे हा शब्द झळकला आणि पुढे तोच रूढ झाला. ‘द हार्डर दे कम’ हा चित्रपट (१९७२) आणि बॉब मार्ली (१९४५–१९८१) यांच्या ‘कॅच अ फायर’पासूनच्या (१९७३) तबकड्यांनी हे संगीत जगभर नेले. २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

त्याचा सर्वांत परिचित ठेका ‘वन ड्रॉप’ या नावाने ओळखला जातो. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर ढोल वाजतच नाही. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारची किंवा कीबोर्डची तुटक छाट येते. पायाने वाजणारा मोठा ढोल आणि हातातला स्नेअर यांचा एकत्र आघात तिसऱ्या मात्रेवर पडतो. मार्लींच्या वाद्यवृंदातले कार्लटन बॅरेट या ठेक्याचे थोर वादक आणि त्यांचे बंधू ॲस्टन बॅरेट बास गिटारवर. चाल पुढे नेण्याचे काम बासकडे असते. तो सुरांची छोटी आकृती पुन्हा पुन्हा फिरवतो आणि मध्ये मध्ये गप्प बसतो.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला यातले वेगळेपण लगेच कळते. त्रितालात सगळे वजन समेवर येते. तान कितीही दूर गेली तरी तिचे घर तेच. वन ड्रॉपमध्ये समेची जागाच रिकामी असते. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जातो तो रूपक: सात मात्रांच्या या तालात सम आणि खाली एकाच मात्रेवर येतात. रूपकात अंगाला जो हलका झोका जाणवतो, त्याचे कारण हेच. रेगेत आघात अपेक्षेच्या ठिकाणी न पडता उशिरा पडतो, म्हणून ऐकणारा ताण न घेता मागे रेलतो. गती कमी असणे हा त्यातला एक भाग. आघाताची जागा हलवणे हा अधिक महत्त्वाचा.

या संगीताचे दुसरे मूळ रास्ताफारी पंथात आहे. १९३० मध्ये इथिओपियात हैले सेलासी यांचा राज्याभिषेक झाल्यानंतर जमैकातल्या गरीब कृष्णवर्णीयांत हा पंथ पसरला. त्यांच्या न्याबिंगी उपासनेत तीन ढोल असतात: एक खर्जाचा, एक संथ ठेका धरणारा फुंडे आणि एक मोकळेपणाने बोलणारा रिपीटर. काउंट ऑसी यांच्या ढोलवादकांनी १९६० च्या आसपास ही लय ध्वनिमुद्रणात आणली. रेगेचे शब्द गुलामगिरी, उपासमार, पोलिसी जाच आणि परतीची आस यांबद्दल बोलतात. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याला नारळाच्या झाडाखालचे संगीत करून टाकले, पण ते किंग्स्टनच्या ट्रेंचटाउनसारख्या वस्त्यांतून आले.

भारतातील रेगे

जमैकाशी भारताचा संबंध रेगेहून जुना. १८४५ मध्ये पहिले गिरमिटिया मजूर जहाजाने तेथे पोचले आणि १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय उसाच्या मळ्यांवर नेले गेले. उलट दिशेचा प्रवास बराच उशिरा झाला. बर्मिंगहॅमच्या अपाची इंडियन यांच्या १९९३ च्या ‘नो रिझर्व्हेशन्स’ या अल्बममुळे जमैकन उच्चारातली पंजाबी भारतीय दूरचित्रवाणीवर ऐकू आली. दिल्लीत २००९ मध्ये रेगे राजाज हा गट उभा राहिला आणि त्याच मंडळींच्या पुढाकाराने २०१६ पासून उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर गोवा सनस्प्लॅश हा महोत्सव सुरू झाला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या जानेवारीत, वसंताच्या उंबरठ्यावर भरल्या.

आदिवासी गाणे आणि रेगे यांची प्रत्यक्ष भेटही भारतात झाली आहे. दिल्ली सल्तनत या नावाने गाणारे तरू दालमिया यांनी ‘वर्ड साउंड पॉवर’ या प्रकल्पात आधी पंजाबच्या बंत सिंग यांचे गाणे जमैकन ढंगाच्या लयीवर बसवले आणि नंतर ‘ब्लड अर्थ’मध्ये ओडिशातल्या काशीपूर भागातल्या, खाणींना विरोध करणाऱ्या आदिवासी गायकांचे. बालाघाटच्या वाचकाला हा संदर्भ परका वाटू नये. भरवेलीचे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे याच जिल्ह्यातले. कान्हा उद्यानासाठी बैगा आणि गोंड गावे उठवली गेली. बेवर ही बैगांची फिरती शेती इंग्रजी अमलापासून बंदीखाली आली. यातला बराच भाग दादरियाच्या ओळींत थट्टेच्या सुरात येतो. जंगलखात्याच्या शिपायावरची मोहाच्या झाडाखालची ओळ आणि किंग्स्टनच्या पोलिसावरचे गाणे यांच्या मागे माणसाची एकच गरज आहे: बोलायचे ते ठामपणे बोलावे, पण श्वास न चढवता.

ऐकण्याविषयी

नव्या श्रोत्याने रेगेची ओळख रॉकस्टेडीपासून करून घेतलेली बरी. आल्टन एलिस यांच्या गाण्यांत लय अजून साधी आहे आणि मोकळी जागा सहज ऐकू येते. त्यानंतर मार्ली यांचा ‘काया’ (१९७८), त्यांच्या अल्बमांतला सर्वांत सैल आणि प्रसन्न. मग ग्रेगरी आयझॅक्स यांचा मृदू गळा. शब्दांचा अडसर वाटत असेल तर ऑगस्टस पाब्लो यांचे वादन घ्यावे: फुंकून वाजवायच्या मेलोडिकातून निघणारा त्यांचा सूर पेटीच्या आवाजाला सरावलेल्या कानाला लगेच ओळखीचा वाटतो. शेवटी किंग टबी यांचे डब, ज्यात गाण्यातले वाद्य आणि गळा एकेक करून काढून घेतला जातो आणि ढोल, बास व प्रतिध्वनी तेवढे उरतात. चैत्रातल्या दुपारी घरात ऐकायला हे सर्वांत योग्य, फक्त खर्ज नीट देणारा स्पीकर हवा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर बास हरवतो आणि रेगेचा अर्धा जीव जातो.

दादरिया आणि फाग यांना ध्वनिमुद्रणाची अडचण वेगळी. मंचावर आणि व्हिडिओंमध्ये आज जो दादरिया ऐकू येतो, त्यात बहुधा कीबोर्ड आणि यांत्रिक ताल भरलेला असतो. दोन ओळींमधली शांतता त्याने बुजवली जाते. होळीच्या रात्री अनेक गावांत फागाच्या बैठकीशेजारी डीजे वाजतो. लयीची दुप्पट दोन्हीकडे होते, पण फागातली दुप्पट संथ आरंभातून मिळवलेली असते आणि डीजेची पहिल्या ठोक्यापासून तयार. ज्याला ही गाणी त्यांच्या मूळ मापात ऐकायची आहेत, त्याने होळीनंतरच्या पंधरवड्यात बैहर किंवा परसवाड्याच्या बाजूला बैगांचा फाग पाहावा, आणि दादरियासाठी मोहाचा हंगाम धरावा, झाडमालकांची परवानगी घेऊन आणि पहाटेची वेळ साधून.

तिन्ही प्रकारांचा विचार एका क्रमाने करावा: आधी काम आणि ऋतू, मग लयीची रचना, नंतर शब्द. उलट क्रमाने गेले तर दादरिया केवळ प्रेमगीत वाटतो, फाग केवळ धिंगाणा आणि रेगे केवळ सुट्टीतले संगीत.